भारनियमनातलं अंतराळयान

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. घरात एक जुना कॉम्प्युटर, एक सासू, एक बिनलग्नाचा दीर आणि वाटेल तेव्हा जाणारी लाईट एवढं असलं की ते आपोआप साठतात, माळ्यावरच्या रिकाम्या डब्यांसारखे. एक काढायला जावं तर चार अंगावर येतात!

सांगते ते आमच्या कोल्हापुरातल्या घरचं, दोन हजार पाच-सहाच्या सुमाराचं. माझ्या धाकट्या दिराला, सुन्याला, एका अंतराळयानाच्या गेमचा नाद. गेम इंग्रजी आणि जुना, सुन्या शाळेत असताना निघालेला. तीन भाग, तीन सीड्या. आपण यानाचे कॅप्टन. माणसं गोळा करायची, ग्रहाग्रहांवर हिंडायचं, कुणाशी भांडायचं आणि कुणाशी जमवून घ्यायचं ते आपण ठरवायचं. मेख अशी, की पहिल्या भागात केलेलं दुसऱ्यात भोगायचं. पहिल्यात जो मेला तो पुढं कधीच दिसायचा नाही. म्हणजे तसा संसारच, फक्त भांडी घासायला नव्हती.

त्याच वेळी माझा चिनू तीन वर्षांचा झाला होता आणि बोलत नव्हता. एक शब्द नाही. ऐकू यायचं, कळायचं सगळं, पण तोंड उघडायचा ते खायला. सल्ले मात्र घरपोच यायचे. कुणी म्हणे वेखंड मधात उगाळून चाटव, कुणी म्हणे नवस बोल. हातकणंगल्याच्या आमच्या चुलतसासूनं तर दारातूनच निकाल दिला, "त्या डब्याम्होरं बसवतीस न्हवं पोराला? त्येनंच वाचा न्हेली बघ!"

झालं! मी त्याच दिवशी दवाखान्यात नाव घातलं. मोठ्या डॉक्टरांची तारीख मिळाली ती पुढच्या महिन्याची. आमचे हे म्हणाले, "डॉक्टर जर म्हणाला की कॉम्प्युटरमुळं झालंय, तर त्याच दिवशी डबा भंगारात." सुन्यानं माझ्याकडं असं बघितलं, जसं काय डॉक्टर मीच आहे.

*

त्या दिवसांत सुन्या हा गेम पहिल्यापासून पुन्हा खेळणार होता, कारण तिसऱ्या भागाच्या अगदी शेवटाला आला असताना लाईट दोनदा गेली-आली आणि हार्ड डिस्क जळाली. सगळं पुसलं. सुन्या उंबऱ्यात डोकं धरून बसला. आजोबा गेले तेव्हासुद्धा इतका रडला नव्हता.

"सगळी गेली गं वैनी! एकबी वाचला न्हाय!"

भिंतीपलीकडं कांबळेमामा आणि मामी राहतात. मामा एसटीत कंडक्टर. मामींनी हे ऐकलं आणि त्या लगबगीनं आत वळल्या. आमच्याकडं मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारच्यांनी जेवण द्यायचं असतं. थोड्या वेळानं मामी पदर डोक्यावर घेऊन, हातात पिठलं-भाकरीची पाटी घेऊन दारात. डोळे भरलेले.

"कोण गेलं वो?"

मी म्हटलं, "मामी, एक जहाज गेलं. आतली माणसं धरून."

मामींनी पदरानं डोळे पुसले. मग पाटी खाली ठेवून म्हणाल्या, "मग पिठलं माघारी न्हेऊ काय?"

उंबऱ्यातून सुन्याचा रडका आवाज आला, "न्हाय मामी, ऱ्हाऊ दे. भूक लागल्या."

*

नवीन हार्ड डिस्क आली आणि पहिल्या भागाला पुन्हा सुरुवात झाली. पण आता बघ्यांची गर्दी वाढली होती. एवढा दुखवटा झाला म्हटल्यावर बघायला नको, नेमकं मेलं कोण?

यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली. म्हणून घरात एक नियम झाला. सारखं सेव्ह करायचं. सेव्ह केलं नाही आणि लाईट गेली, की केलेलं सगळं पाण्यात, पुन्हा मागून सुरुवात. लाईट जायच्या आधी आमचा छताचा पंखा आवाज बदलायचा. घरघर थांबून जरा कण्हल्यासारखा. तो आवाज आला की घरातली सगळी ओरडायची. आत्ती, म्हणजे माझी सासू, स्वयंपाकघरातून, "सेव्ह कर रं!" मी मोरीतून, "भावजी, सेव्ह!" आणि सगळ्यांच्या वर भिंतीपलीकडून कांबळेमामांचा एसटी स्टँडावरचा आवाज, "सेव्ह कर की, मर्दा!"

चिनू माझ्या मांडीवर. तो कॉम्प्युटरकडं बघायचाच नाही. वर पंख्याकडं बघत राहायचा. हे मी चुलतसासूला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हंजे डोक्यावर बी परिणाम झालाय!"

*

प्रत्येक मोहिमेला यानातली तीन माणसं खाली ग्रहावर न्यावी लागायची. कोण न्यायचं ते सुन्या ठरवायचा आणि मी मोडायचे. एक म्हातारा वैद्य होता, मी म्हटलं त्याला नको, दम लागतो त्याला. एक पोरगेला पायलट होता, मी म्हटलं त्याला नको, त्याची आई असेल की कुणीतरी.

सुन्या वैतागला. "वैनी, कुणाला तरी न्यावंच लागतंय! हे बघ, ह्येला नेतो. ह्यो रोबोट हाय. ह्येला आई न्हाय, बा न्हाय, दम न्हाय."

मी पडद्यावर बघितलं. ग्रहावर धो धो पाऊस.

"आणि गंजला म्हणजे?"

सुन्यानं कपाळावर हात मारला. पण नेला नाही. त्या ग्रहावर नुसत्या भांडकुदळ माणसांवर भागवलं.

*

कांबळेमामांची ड्यूटी सुटली की ते आमच्यात. खाकी कपड्यावरच खुर्चीच्या मागं उभे. त्यांना इंग्रजी अक्षरं लागायची, तरी वाचायचे नाहीत. त्यांचं लक्ष वेगळ्याच गोष्टीवर.

एकदा यान एका स्टेशनवरून सुटणार होतं. सुन्या बटण दाबणार तेवढ्यात मामांनी त्याचा हात धरला.

"मर्दा, आतली समदी चढली काय?"

"आपोआप चढत्यात मामा."

"आपोआप? बेल कुणी दिली? डबल बेल दिल्याबिगर गाडी हलवायची न्हाय! माझी एवढी नोकरी झाली, एक म्हातारी खाली ऱ्हायली न्हाय कधी."

सुन्या हसला आणि बटण दाबलं. यान सुटलं. आणि खरंच, तो पायलट पोरगा खालीच राहिला! त्याच्याशी आधी बोलून त्याला बोलवावं लागत होतं, सुन्या विसरला होता. पडद्यावर तो पोरगा मागं लहान लहान होत गेला.

मामांनी नुसतं सुन्याकडं बघितलं. सुन्यानं गुपचूप मागचा सेव्ह उघडला. त्या दिवसापासून यान सुटायच्या आधी मामा टेबलावर दोनदा टकटक करायचे, मगच सुन्या बटणाला हात लावायचा.

*

परग्रहावरचे राजे-बिजे भेटायचे तेव्हा गेम विचारायचा, काय बोलणार? खाली तीन उत्तरं. एक गोड, एक लाचेचं, एक धमकीचं. सुन्या वाचून मराठीत सांगायचा आणि आत्ती निवड करायची, कारण भाऊबंदकीतली बोलणी करण्यात तिचा हात धरणारं आमच्या भावकीत कुणी नाही.

एक निळा राजा आला. सहा डोळे. सुन्यानं वाचलं, "एक, आम्ही तहाला आलोय. दोन, तुमच्यासाठी सोनं आणलंय. तीन, तुमचा ग्रह आम्ही जाळू."

आत्ती म्हणाली, "चौथं वाच."

"चौथं न्हाय."

"न्हाय कसं? पावण्याच्या दारात गेलाईस. आधी बरं हाय काय इचार. पोरंबाळं इचार. पाऊसपाणी इचार. त्येनं चा ठेवला, तर मग कामाचं काढायचं!"

"आई, तीनच हायत."

"मग दाब खालचं कुठलंबी. अशानं सोयरीक जमत नसत्या."

सुन्यानं तहाचं दाबलं. निळा राजा चिडला आणि त्यानं तिथल्या तिथं गोळ्या घालायला सुरुवात केली. आत्ती लसूण सोलता सोलता म्हणाली, "बसा म्हटलं असतंस तर घातल्या असत्या व्हय?"

*

आमचे हे फौंड्रीत, लोखंड ओतायच्या कामाला. त्यांना गेमचा राग. "पोरगं बोलत न्हाय आणि तुम्ही आभाळात हिंडा," एवढंच म्हणायचे आणि भिंतीकडं तोंड करून झोपायचे.

एका रविवारी आम्ही सगळ्या बायका बाजारातून आलो तर हे एकटेच कॉम्प्युटरसमोर! लढाई नाही, राजा नाही. यानाच्या तळात इंजिनाची खोली होती, लाल भट्टीसारखी, तिथं कॅप्टनला नुसता फिरवत होते.

मला बघून दचकले. मग खुर्चीत सरळ होऊन म्हणाले, "बघत होतो जरा. एकाच्या बी पायात सेफ्टी बूट न्हाय. हातमोजं न्हाईत. आणि एवढ्या भट्टीवर एकच माणूस!"

"मग?"

"मग काय? असल्या कंपनीत पोरगं पाठवू नये माणसानं."

आणि आत्तीनं दिलेला चहा तसाच हातात धरून पुन्हा पडद्याकडं वळले.

*

सगळ्यात मोठा घोळ दुसऱ्या भागाला झाला. पहिल्या भागाच्या सुरुवातीला यानाच्या उपकॅप्टनला आपण नाव द्यायचं असतं. सुन्यानं ते कुणी नसताना दिलं होतं आणि नंतर तिला सारखा मागच्या बाजूला ठेवायचा. पण दुसरा भाग सुरू झाल्यावर सगळ्यांची नावं मोठ्या अक्षरांत आली. मी सातवीच शिकलेली असले तरी इंग्रजी अक्षरं जुळवून वाचता येतात. मी वाचलं, "सु... रे... खा."

आत्तीचं लसूण सोलणं थांबलं.

"कोण रं ही सुरेखा?"

"गेममधली हाय, आई."

"बाकीच्यांची नावं खाकरल्यासारखी, न् हिचीच बरी आपल्यातली?"

"आई, ती अंतराळातली हाय!"

"असू दे की अंतराळातली," आत्ती म्हणाली. "माहेर कुठलं?"

सुन्या कानापर्यंत लाल. खुर्चीमागून कांबळेमामा आत्तीकडं बघून खाकरले. "वैनी, माझ्या गारगोटीच्या गाडीला असत्या रोज. मी बघितलंय. ह्येबी असतोय."

सुन्यानं नाव बदलायची फार खटपट केली. बदलत नाही. एकदा दिलेलं तिन्ही भागांत तसंच राहतं. पुढच्या वर्षी सुरेखा माझी जाऊ झाली, आणि लग्नात बोलणी करायला अर्थातच आत्ती गेली. आधी पाऊसपाणी विचारलं म्हणे.

*

आणि मग डॉक्टरांची तारीख आली.

 रिक्षात चिनूला मांडीवर घेतलं तर माझंच काळीज एवढं धडधडत होतं, की तो माझ्या छातीला कान लावून ऐकत बसला. सोबत हे, आत्ती आणि सुन्या. सुन्याला कुणी बोलावलं नव्हतं. पण निकाल त्याच्याही डब्याचा लागायचा होता.

डॉक्टर भला माणूस. टेबलावर कॉम्प्युटर. विचारायचे आणि दोन बोटांनी टाइप करायचे. मी सांगत गेले. तीन वर्षं पुरी झाली, बोलत नाही. आई म्हणत नाही. पाणी मागत नाही, बोट दाखवतो. पडला तर रडतो, पण हाक मारत नाही.

"वेखंड दिलं त्येबी लिवा," आत्ती म्हणाली.

डॉक्टरांनी लिहिलं.

"नवस बी बोललाय."

तेही लिहिलं. पान भरत आलं.  चिनू मांडीवर, मान मागं टाकून, वर बघत.

डॉक्टरांनी चष्मा वर सरकवला. "बरं. आता एक महत्त्वाचं. घरात टीव्ही, कॉम्प्युटर, असलं काही? त्यासमोर किती वेळ असतो?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी सुन्याकडं. सुन्यानं जमिनीकडं.  मी शेवटी ओठ उघडले, तेवढ्यात छताच्या पंख्याची घरघर थांबली आणि तो जरा कण्हला.

चिनू माझ्या मांडीवरून ताडकन उठला. डॉक्टरांकडं बोट केलं, आणि भिंतीपलीकडं जाईल असल्या आवाजात ओरडला,

"सेव्ह कर की, मर्दा!"

डॉक्टरांची दोन बोटं हवेतच राहिली.

आणि लाईट गेली.

पंखा थांबला. पडदा काळा. बाहेर बाकावर बसलेल्या माणसाचं खोकणं ऐकू आलं. मी चिनूकडं बघत होते आणि मला तो दिसत नव्हता, डोळ्यांत पाणीच एवढं. आत्तीनं मात्र जोरात मांडीवर थाप मारली.

"पोरगं सांगत हुतं की वो तुमाला!"

थोड्या वेळानं लाईट आली. डॉक्टरांनी कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. पान कोरं करकरीत. त्यांनी त्या पानाकडं बघितलं, मग चिनूकडं, मग माझ्याकडं. दोन बोटं पुन्हा पुढं केली आणि घसा साफ करून म्हणाले,

"हां ताई. तर तुमची तक्रार काय होती?"