सामलचं नाक

क्लाक्सविक गावच्या मार्युनने फोटो स्टुडिओ उघडला, तेव्हा कॅमेरा जुनाच ठेवला आणि सगळी पुंजी एका लेन्समध्ये घातली. एकशे पस्तीस मिलिमीटरची, लांब उभं राहून चेहरा टिपणारी.

नवरा म्हणाला, "अगं, कॅमेरा नवा घे. लोक तोच बघतात."

"लोक स्वतःचं नाक बघतात," मार्युन म्हणाली.

तिचं खरं होतं. जवळून फोटो काढला की नाक फुगतं, लांबून काढला की आवरतं. आणि फॅरो बेटांवरची नाकं तिथल्या वाऱ्याला पुरून उरतील अशी. मार्युनचा धंदा जोरात चालला.

सामल हा बोटीवरचा निवृत्त आचारी. त्याची बायको बिल्ला वृद्धाश्रमात होती आणि तिला माणसं ओळखू येईनाशी झाली होती. उशाशी फोटो ठेवला तर निदान नवऱ्याची ओळख राहील, असं तिथल्या नर्सने सुचवलं. मार्युनने जीव ओतून फोटो काढला. सामल त्यात चक्क देखणा दिसत होता.

आठवड्याने तो फोटो घेऊन परत आला.

"फोटो झकास आहे गं पोरी. पण बिल्ला म्हणते, या परक्या माणसाला खोलीतून घालवा."

मार्युनला हे लागलं. तिने फोटो उलटसुलट पाहिला, दोष काही सापडेना. मग तिने विचारलं, "घरी तुम्ही दोघं कुठे बसायचात?"

"स्वयंपाकघरात. टेबल एवढंसं. गुडघ्याला गुडघा लागायचा."

मार्युनने कपाटातून पस्तीस मिलिमीटरची रुंद लेन्स काढली. ती खोल्यांचे फोटो काढायला होती, माणसांवर तिने कधी रोखली नव्हती. खुर्ची ओढून ती सामलच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली.

"एवढ्या जवळून?"

"हलू नका."

फोटोत आधी नाक आलं, मागून सामल आला. कान जेमतेम पोचले. खाली स्टुडिओचा शिक्का मारायला मार्युनचा हात काही धजला नाही.

दोघं फोटो घेऊन वृद्धाश्रमात गेली. मार्युनने तो बिल्लाच्या हातात दिला. सामल दाराशीच उभा राहिला, पुन्हा परका ठरायची त्याला भीती वाटत होती. बिल्लाने फोटो डोळ्यांजवळ धरला.

"आलास?" ती फोटोला म्हणाली. "आणि बूट घालून आत? आत्ताच फरशी पुसलीय मी!"

सामल मुकाट्याने बाहेर गेला आणि बूट काढून आत आला.