धुरात बसलेल्या आमच्या सुनंदाबाई

सुनंदाबाईंची आणि माझी पहिली गाठ पडली ती डोळखांबच्या अंगाला असलेल्या आमच्या शाळेत, आणि ती काही गोडीची नव्हती. माझी नात सुली पहिलीत जायची होती. आमच्याकडे पोर शाळेत घालायचं म्हणजे सोबत निरगुडीची फोक न्यायची, मास्तरांच्या हातात द्यायची आणि सांगायचं, ऐकलं नाही तर फोडून काढा. माझ्या महादूच्या वेळी मी नेली होती, तशीच त्याच्या पोरीच्या वेळी नेली. बाई शहापूरहून नव्याने आल्या होत्या. अंगाने काडी, आवाज मऊ. मनात म्हटलं, ह्यांना तर दोन फोका लागतील.

बाईंनी फोक घेतली नाही. म्हणाल्या, "आजी, आज वर्गात बसा. कुणाला कधी मारायचं ते मला दाखवा." मी बसले. थोड्या वेळात एका पोराने पुढच्या पोरीची पाटी थुंकीने पुसली. मी बोट दाखवलं. बाई म्हणाल्या, "उठा मग, तुम्हीच मारा." आता ते पोर वरच्या पाड्यातल्या काळूरामचं. आमचा खालचा पाडा आणि त्यांचा वरचा, ओढ्याच्या पाण्यावरून पिढ्यान्‌पिढ्या तोंड फिरवून बसलेले. त्या पोराला मी हात लावला असता तर दुपारी त्याची आय माझ्या दारात आणि तिच्यामागे सगळा पाडा. मी फोक घेऊन घरी आले. शेळ्या हाकायला झाली.

बाईंनी आमच्या शाळेत इतकी वर्षं काढली, पण कुणाच्या अंगावर हात टाकला नाही. मला त्याचीच धास्ती वाटायची. भीती नाही तर पोर ऐकणार कशाला? पण बाईंची रीत वेगळी. पोर गप्प बसलं तर त्या आधी कपाळाला हात लावून ताप बघायच्या, मग धडा विचारायच्या. दिवाळीनंतर माणसं वीटभट्टीवर निघाली की बाई त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायच्या, पोराला आजीजवळ ठेवा म्हणायच्या, आणि नुसतं म्हणून मोकळ्या व्हायच्या नाहीत. ठेवलेल्या पोराच्या डोक्यातल्या उवा त्यांनी स्वतः काढलेल्या मी पाहिल्या आहेत.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की बाई शाळेच्या ओट्यावर मोठ्या माणसांसाठी वाचन करायच्या. अहिंसा कशाला म्हणतात, राग कुठून येतो, घाबरलेल्या पोराच्या डोक्यात अक्षर का शिरत नाही, असले लेख. आम्ही बायका वाल सोलत ऐकायचो. मी दुसरीपर्यंत शिकलेली, बोट फिरवत वाचणारी, पण तोंड मला पूर्ण दिलेलं आहे. मी विचारलं, "बाई, घरात नाग निघाला तर त्याला पण वाचून दाखवायचं का? आणि नवरा पिऊन आला तर?" बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "नागाचं सांगता येईल. नवऱ्याचं मी अजून शोधते आहे." बायका पोट धरून हसल्या. तेव्हापासून मी एक शनिवार चुकवला नाही. ह्या बाईंना कुणीतरी अडवायला पाहिजे, असं मला वाटायचं.

पुढे अडवायची खरोखर वेळ आली. सुली चौथीत होती. चैत्र सरत आला होता, राब भाजायचे दिवस. भाताचं रोप टाकायच्या जागेवर आम्ही पालापाचोळा, शेण, डहाळ्या पसरून जाळतो, त्याला राब म्हणतात. राब नेहमी वाऱ्याच्या उलट पेटवायचा, म्हणजे आग सावकाश मागे मागे सरकते आणि जमीन नीट भाजते. महादूने तसाच पेटवला आणि सुलीला हिरवी डहाळी देऊन राखणीला बसवून तो पाणी आणायला गेला. पोरीला वाटलं, दुसऱ्या टोकाला पण पेटवलं तर लवकर आटपेल. तिने वाऱ्याच्या बाजूने पेटवलं. आग धावत सुटली, बांध ओलांडून गेली आणि काळूरामची पेंढ्याची गंजी डोळ्यांदेखत जळून खाली बसली. बैलांचं पावसाळ्याचं खाणं होतं ते.

सुली घरी नाही आली. शाळेत पळाली, बाईंकडे. तिच्यामागे वरचा पाडा दांडकी घेऊन, आणि त्यांच्यामागे आम्ही. महादूच्या हातात कोयता होता. आमच्या माणसांनी वाटेतच ठरवून टाकलं, आग जंगलाकडून आली म्हणायचं, आमी काय पाहिलं नाय. मलाही तेच बरं वाटलं.

शाळेच्या दारात बाई उभ्या होत्या आणि सुली त्यांच्या पदराला. मी गर्दीतून पुढे घुसले. बाई पोरीला हळूच विचारत होत्या, "सांगशील का? मी इथेच आहे." मी बाईंच्या कानाशी गेले. "पोर आमची, मार खाणार आमची, आणि खरं बोलायची हौस तुमची होय?"

बाई म्हणाल्या, "बरोबर आहे, आजी. म्हणून तर मी पुढे उभी आहे."

सुलीने सांगितलं. रडत, पण सगळं सांगितलं. काळूरामचं दांडकं वर गेलेलं मी पाहिलं. समोर बाई होत्या, हात खाली सोडून, पदर खोचलेला, काडीसारख्याच. थरथरत होत्या त्या. लोक नंतर म्हणाले बाई घाबरल्या नाहीत. लोकांना काय कळतंय, मी शेजारी होते. त्या घाबरल्या होत्या आणि जागच्या हलल्या नाहीत. दांडकं खाली आलं ते जमिनीवर. काळूराम एवढंच बोलला, "ही पोर माझ्या अंगणातून जाताना दिसली तर बघा."

शाळेची वाट त्याच्याच अंगणातून जाते. दुसरी आहे ती ओढ्यातून, आणि पावसाळ्यात ओढा कुणाला पलीकडे जाऊ देत नाही. म्हणजे आभाळ भरून आलं की सुलीची शाळा संपली. महादू म्हणाला, बरं झालं, घरात कामाला होईल. मला मात्र झोप लागेना. ह्या घरातून चौथीपर्यंत पोचलेली ती पहिलीच पोर.

बाई रोज ओढ्याच्या वाटेने खाली यायच्या आणि सुलीला घेऊन जायच्या. शाळा सुटली की काळूरामच्या अंगणात जाऊन बसायच्या. आम्ही पेंढा देऊ केला होता, तो त्याने परत पाठवला. तुमच्या पेंढ्याला माझे बैल तोंड लावायचे नाहीत, म्हणाला. बाईंनी मग सुलीलाच विचारलं, तुला काय देता येईल? पोर म्हणाली, "त्यांचा राब भाजायचा राहिलाय. मी तो राखीन."

मी कपाळाला हात लावला. बाईंना म्हटलं, पोरीला अक्कल नाही, तुम्हाला तर आहे ना? उद्या तिथे ठिणगी उडाली तर दोन्ही पाडे एकमेकांना कापतील. बाई म्हणाल्या, मलाही तीच भीती आहे. आणि पोरीचं म्हणणं काळूरामला सांगायला गेल्या.

काळूराम आधी ओरडला, मग हसला. "जिनं माझा पेंढा जाळला तिच्या भरवशावर रान सोडू? बाई, तुमी आपली पुस्तकं वाचा." बाई दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या. मग पुन्हा. शेवटी तो वैतागला. "येऊ दे तिला. पण तुमी पण बसायचं तिथं. मी सांगन तिथं."

त्याने बाईंना बसवलं ते बरोबर धूर येईल त्या बांधावर. मुद्दामच. महादूला त्याने शेताच्या हद्दीत येऊ दिलं नाही, तो लांब उभा. मी बांधाच्या कडेला, जीव मुठीत धरून. राब पेटला. बाईंच्या डोळ्यांना धारा लागल्या, खोकून खोकून कंबर वाकली. मी ओरडले, उठा तिथून, जरा बाजूला सरका. त्या म्हणाल्या, काळूरामदादांनी इथे बसायला सांगितलंय. मी मनात त्या काळूरामला काय काय म्हटलं ते बाईंच्या साठीच्या ह्या गौरवग्रंथात लिहिता येत नाही.

सुली हातात ऐनाची डहाळी घेऊन राबाभोवती फिरत होती. मोठी माणसं आगीकडे बघत होती, ती बाईंकडे बघत होती. मला वाटलं, पोरीला बाईंची दया येते आहे. मधेच बाईंचा खोकला थांबला. काळूराम तेव्हा खाली मान घालून तंबाखू मळत होता. सुली किंचाळली, "काळूकाका, वारा फिरला!"

बाईंच्या तोंडावरचा धूर उलट्या बाजूला चालला होता. काळूराम उठेपर्यंत सुली पलीकडच्या कडेला पोचून डहाळीने आग झोडपायला लागली होती. तो धावला, मी धावले, बाई तशाच रडक्या डोळ्यांनी डहाळी घेऊन धावल्या. महादू हद्द ओलांडून आत आला आणि काळूरामच्या खांद्याला खांदा लावून झोडपत राहिला. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते. आग बांधाशी येऊन मेली.

मग काळूराम माझ्याकडे वळला, पोरीकडे नाही. "उद्यापासनं अंगणातनंच जाऊ दे तिला. ओढ्याच्या वाटेला साप लय झालेत."

साप काय त्या दिवशी जन्मले नव्हते. पण मी नुसती मान हलवली. माझं तोंड कुणी बंद केलं असेल तर ते त्या दिवशी.

ह्यावरून आमचे पाडे सुधारले असं कुणी समजू नये. यंदा होळीच्या लाकडांवरून पुन्हा आवाज चढले होते. अहिंसा ही आमच्याकडे एकदा करून संपणारी गोष्ट नाही. म्हणून बाईंची साठी झाली ह्याचा मला आनंद कमी आणि काळजी जास्त.

सुली आता स्वतः बाई झाली आहे, धसईच्या पुढे एका शाळेत. मागच्या सुटीला घरी आली ती जेवेना. वर्गातल्या एका पोराने दुसऱ्याला दगड मारला, हिचा हात वर गेला. खाली घेतला म्हणे, पण पुढे करायचं काय ते सुचेना. सकाळच्या पहिल्या एसटीने ती शहापूरला सुनंदाबाईंकडे गेली. दोघी काय बोलल्या मला ठाऊक नाही. संध्याकाळी आली आणि भाकरी मागून घेतली.

बाई, मी वयाने मोठी, तेव्हा हे हक्काने सांगते. तुमचा खोकला अजून गेलेला नाही, तो चांगल्या डॉक्टरला दाखवा. गुडघ्यांना तेल लावा, जेवण वेळेवर करा, दुसऱ्याच्या पोरांच्या काळजीत स्वतःची झोप घालवू नका. तुमचा श्वास मोकळा राहो, डोळे वाचते राहोत, पाय चालते राहोत. सुली अजून शिकते आहे. तिचं शिकून होईपर्यंत तुम्हाला धडधाकट राहावं लागेल, आणि ते काही लवकर होणारं नाही.