डोळा डावा, हात उजवा

आधी माफी मागते. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमले नाही, आणि अक्षर असे की वाण्याची यादीसुद्धा मी मुलीकडून लिहून घेते. चौथीनंतर शाळा सुटली. ही वही शिलाई मशीनच्या खणात राहील, कोणाला दाखवायची नाही. तरी माफी मागितली, कारण अक्षर का वाईट आहे तेच लिहायचे आहे.

माझी मुलगी धनुष्यबाण चालवते. देऊळघाटहून ऑटोने बुलढाण्याच्या मैदानावर जाते. दोन वर्षे ती तिथल्या सगळ्या पोरींच्या सामाईक धनुष्यावर शिकली. मग सर म्हणाले, "ताई, आता हिला स्वतःचं पाहिजे. जिल्ह्याची निवड जवळ आली."

पैसे चाचीने दिले. चाचीचे आमच्या गल्लीत कापडाचे दुकान आहे, तिच्या गिऱ्हाइकांचे ब्लाउज मी शिवते. "व्याज मांगत नाही मी," ती म्हणाली, "तुह्या शिलाईतून हप्त्याहप्त्यानं कापत जाईन. पोरगी मोठी झाली की माह्या दुकानाचं नाव घेजो म्हणा."

धनुष्य मागवायच्या आधी सरांनी विचारले, "लिहिते कोणत्या हाताने?" मी म्हणाले, "उजव्या." खोटे नव्हते ते. पण पुढचे वाक्य मी गिळले.

उजव्या हाताचे धनुष्य आले. ते डाव्या हातात धरतात आणि दोरी उजव्या हाताने ओढतात. सुटलेली दोरी हाताला लागू नये म्हणून धरणाऱ्या हातावर चामड्याचा पट्टा बांधतात. माझ्या मुलीच्या डाव्या हातावर तो पट्टा पहिल्यांदा बघितला. मी नजर दुसरीकडे केली. रोज तसेच करू लागले.

बाण डावीकडे जायचे. चार चांगले, की पाचवा पार डावीकडे. सरांनी धनुष्यावरची नेम धरायची काडी सरकवली तर उजवीकडे जायला लागले. शेवटी सर तिच्यापासून दहा पावलांवर उभे राहिले. म्हणाले, "दोन्ही हात लांब कर, बोटांमध्ये लहान भोक ठेव. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या भोकातून माझं नाक बघ."

बाकीच्या पोरी हसल्या. "सरांचं नाक तर भोकात मावतच नाही!"

सरही हसले, मग निरखून बघू लागले. भोकाच्या मागे त्यांना तिचा डावा डोळा दिसत होता. तीन वेळा केले, तीनही वेळा डावाच.

मला बाजूला बोलावून त्यांनी समजावले. नेम धरताना दोन डोळ्यांपैकी एकाचेच चालते. हिचा तो डोळा डावा आणि दोरी ओढणारा हात उजवा. आता एक तर डाव्या डोळ्यावर पट्टी लावून असेच चालवायचे, नाही तर डाव्या हाताने पहिल्यापासून शिकायचे. तसे केले तर धनुष्याचा मधला, हातात धरायचा दांडा नवा लागेल, वरखालची वाकणारी पाती तीच चालतील, पण यंदाची निवड जाईल.

"पोरगी जन्मापासून उजव्याच हाताची ना, ताई? मग पट्टी लावून बघू."

चाचीचा पहिला हप्तासुद्धा अजून कापला गेला नव्हता. मी म्हणाले, "हो."

पट्टी मीच शिवली, काळ्या अस्तराची. मैदानावर तिच्या डोक्यामागे गाठ मारत होते, तेव्हा माझ्या बोटांना ती गाठ आधीपासून माहीत होती.

ती दीड वर्षाची होती. वरणभातात डावा हात घालायची. मी जुन्या निळ्या परकराची चिंधी घेऊन तो हात तिच्या कमरेच्या करगोट्याला बांधला. माझ्या आईने माझा बांधला होता तसाच. शाळेत पाटीवर उजव्या हाताने माझी अक्षरे वाकडी यायची, बाई पाटी सगळ्या वर्गाला दाखवायच्या, तेव्हापासून मला चारचौघांत तोंड उघडवत नाही. हे सगळे माहीत असून मी बांधला. मला वाटले, मोठी झाल्यावर हळदीकुंकू डाव्या हाताने पुढे केले तर बाया हसतील. पोरगी रडली नाही. ताटाला तोंड लावून जेवली. जेवण झाले की बांधलेला हात जेवढा हलेल तेवढा हलवून माझ्याकडे बघायची. सहा महिन्यांत उजव्याने जेवायला लागली आणि सगळे विसरली.

मी विसरले नाही. आता पट्टी लावून ती उभी राहिली की मला मैदान दिसायचे नाही. दीड वर्षाचे एक पोर ताटाला तोंड लावून बसलेले दिसायचे. मशीनवर निळे कापड आले तर मी ते शेवटी शिवायला ठेवायची.

पट्टीने बाण जरा सुधारले, पण तिचे डोके दुखायचे, डोळ्याला पाणी यायचे. निवडीच्या आदल्या आठवड्यात मी मैदानाच्या कडेला बसले होते. ती माझ्याकडे आली. धनुष्य उजव्या हातात घेतले आणि पट्टा बांधलेला डावा हात डोळ्यावरच्या पट्टीपर्यंत नेला.

"आई, सोडू का हे?"

तोच हात होता, आणि माझ्याकडे बघणेही तेच.

मी उठून सरांकडे गेले. इतक्या माणसांसमोर मी कधी बोलले नव्हते. "सर, हे डावरी होती. म्या हात बांधला तिचा लहानपणी. तुम्ही इचारलं तं सांगतलं नाही."

मुलगी माझ्या मागे उभी होती, मला ठाऊक नव्हते.

"काऊन बांधला?" तिने विचारले.

तिने स्वतःच पट्टीची गाठ सोडली, पट्टी माझ्या हातात दिली आणि परत येताना ऑटोत ती पुढे ड्रायव्हरजवळ बसली. नऊ दिवस माझ्याशी बोलली नाही. ती निवड गेली.

चाचीला सांगितले तर तिने कपाळावर हात मारला. "आधी काऊन नाही बोलली गं? एक दांडा फुकट गेला न बाई!" मग गल्ल्यातून परत पैसे काढले. "पाती तं तेच चालतात म्हणते न? मंग फकत दांडाच घे."

जुना दांडा दुसऱ्या पोरीला कमी भावात गेला. माझ्या मुलीला सरांनी आधी लहान पोरांचे बांबूचे धनुष्य दिले, डाव्या हाताने ओढायला. पहिले बाण मातीत गेले. आठवीतली पोरे म्हणायची, "ताई, जमीन मारून राह्यली काय?" ती म्हणायची, "हाव, तुह्यासाठी खड्डा खणून राह्यली." पावसाळा गेला, हिवाळा गेला. मग बाण निशाणाच्या मधल्या पिवळ्यात यायला लागले. पट्टा आता उजव्या हातावर असतो. तिचा डावा मोकळा आहे. मी तिकडे बघते, तरी कधी कधी मनगटावर निळे काहीतरी दिसते. डोळे चोळले की जाते.

सोळा महिने चाचीने शिलाईतून पैसे कापले. शेवटचे राहिलेले मी रोख द्यायचे ठरवले. मुलगी म्हणाली, "मी देते." आम्ही दोघी दुकानात गेलो. तिने नोटा चाचीपुढे धरल्या, डाव्या हाताने.

माझ्या तोंडून निघालेच, "उजव्यानं दे गं."

ती थांबली. हात मागे घेतला नाही. माझ्याकडे वळूनही बघितले नाही.

चाचीने एकदा मला बघितले, एकदा तिला. मग तिच्या डाव्या हातातूनच नोटा घेतल्या, मोजल्या, आणि वहीतल्या माझ्या नावावर आडवी रेघ मारली. "फिटले बाई तुहे," ती म्हणाली.