शिरगावचा पत्ता

शेजारच्या देशातल्या लोकांचे व्हिसा रद्द झाल्याची बातमी टीव्हीवर आली, तेव्हा मी उल्हासनगरच्या आमच्या पापडांच्या खोलीत पीठ मळत होते.

"बरं केलं. हे आधीच करायला हवं होतं," मी म्हणाले.

समोरचं लाटणं थांबलं. माझी भागीदारीण बारा वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर सिंधमधून आलेली. पासपोर्ट अजून तिकडचाच. ती त्या लोकांतली आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"अदी, मग मी पण जायचं?" सिंधीत बहिणीला अदी म्हणतात.

"खुळी की काय! तुझा व्हिसा लांब मुदतीचा. तुम्हा हिंदूंना सूट आहे, खाली पट्टीत येतंय बघ. चल, विचारूनच येऊ."

दोन दिवसांनी परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या कार्यालयात साहेबांनी कागद चाळले.

"पत्ता उल्हासनगरचा दिसतोय. राहता कुठे?"

"बदलापूर. शिरगाव."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"परवानगी कोणाची घेतली?"

आम्ही एकमेकींकडे बघितलं. घर बदलायला परवानगी? आमच्याकडे भाडं वाढलं की माणूस टेम्पो भरतो आणि दोन स्टेशनं पुढे जातो. शिरगावची खोली मीच शोधली होती. गॅसचा, बँकेचा पत्ता बदलून घ्यायलाही मीच बजावलं होतं. व्हिसासुद्धा जागेला बांधलेला असतो, हे मला ठाऊकच नव्हतं.

"अहो साहेब, दोन स्टेशनांचा तर फरक!"

"बाई, ह्या तुमच्या भाडेकरू नाहीत, परदेशी नागरिक आहेत. सध्या वर कोणी काही ऐकून घेत नाही."

सीमेवर पाठवलेल्या बायका मी सकाळीच टीव्हीवर पाहिल्या होत्या, चहा पीत.

"खुलासा लिहून द्या. कोणाच्या सांगण्यावरून जागा बदलली, तेही लिहा."

ती पेन धरून नुसती बसली. माझं नाव लिहायला धजेना. मी कागद ओढला, माझं नाव, माझा पत्ता लिहिला आणि खाली सही केली.

"वर पाठवतो. निर्णय कळेल," साहेब म्हणाले.

"कधी?"

"ते माझ्या हातात नाही."

जिना उतरताना ती म्हणाली, "अदी, सामान बांधून ठेवू?"

कुठे न्यायला, ते ती बोलली नाही. एरवी मी तिला भाजी कुठून घ्यायची तेही सांगते. त्या दिवशी मी फक्त तिच्या हातातली कागदांची पिशवी घेतली आणि जिना उतरत राहिले.