दातवाल्या मॅडम आणि सोनीचा अर्धा दात

माझ्या नातीचा, सोनीचा, पुढचा पक्का दात हापशाच्या दांड्यानं अर्धा तुटला, तेव्हा मी तो तुकडा शेणात लपेटून पत्र्यावर फेकला. दुधाचा दात पडला की आमच्याकडं तेच करतात. नवा लवकर येतो. पक्का दात पुन्हा येत नसतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण आमच्या अख्ख्या पाली गावात अक्कल काय ती मलाच, अशी तेव्हा माझी खात्री. मी काही दिवस वाटसुद्धा बघितली.

शेवटी बीडला दातवाल्या मॅडमकडं गेलो. त्यांनी विचारलं, "तुकडा कुठंय? लगेच दुधात घालून आणला असता तर तोच चिकटवला असता."

"पत्र्यावर हाय."

त्यांनी लिहून घ्यायला पेन उचललं. मग म्हणाल्या, "कुणाच्या?"

असा त्यांचा स्वभाव. रागवायच्या नाहीत, विचारायच्या. लेकराला आधी खुर्चीत न बसवता खिडकीशी उभं करायच्या आणि ओठाशी दातांच्या रंगाचे नमुने धरायच्या, साडीला बांगड्या जुळवाव्यात तसे. "बल्बाच्या उजेडात रंग लई फसवतो, आजी."

सोनी मात्र तोंडच उघडेना. शाळेत पोरं 'खिंडार' म्हणायची, म्हणून ती तोंडावर हात धरूनच बोलायची. हसणं तर बंदच झालं होतं. मॅडम म्हणाल्या, "हात राहू दे. मी बोटांच्या फटीतून बघते." आणि खरंच वाकून बघत राहिल्या. तो हात कधी खाली आला, मला कळलं नाही.

पुढचंही काही कळलं नाही. दाताला काहीतरी लावलं, धुतलं, कणकेसारखा मऊ गोळा थराथरानं बसवला आणि दर थरावर निळा उजेड मारला. उजेडानं तो दगडासारखा होतो म्हणे. उन्हाशिवाय वाळवण वाळलेलं मी पहिल्यांदाच बघितलं. "ऊस पुढच्या दातानं सोलायचा न्हाई," त्यांनी सोनीला बजावलं.

मॅडम आता लेकाकडं पुण्याला असतात. त्यांच्या दवाखान्याच्या जागी मोबाइल विकतात. मी अजून चुकून त्या जिन्यापाशी थबकते.

त्या दिवशी काम झालं तेव्हा मी चष्मा पुसला, सोनीच्या तोंडात डोकावले आणि एका दातावर बोट ठेवलं. "मॅडम, हा पिवळट राहिला. जरा पांढरा करा की."

सोनीनं आरशात बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि तोंडावर हात न धरता हसत सुटली. यात हसण्यासारखं काय, मला उमजेना. मॅडम हातमोजे काढत म्हणाल्या, "आजी, तो तिचा स्वतःचा हाय. मी केलेला शेजारचा."