गावाच्या पानावरची विहीर

'ही साइट सगळ्यांची. कुणीही लिहा, कुणीही बदला,' हे सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला होता. दर रविवारी लोणावळ्याहून लोकलनं निघायचं, घोरावाडी स्टेशनला उतरायचं, रिक्षात अंग चोरून बसायचं आणि गावच्या वाचनालयातल्या जुनाट कॉम्प्युटरांवर नवशिक्यांना विकी आणि ब्लॉग शिकवायचे. हौस माझीच, तक्रार कुणाकडे करणार?

सरावासाठी आम्ही विकीवर गावाचं पान उघडलं होतं. पहिलं वाक्य आबांनी लिहिलं, कारण वर्गात तेच सगळ्यांत वडील. 'गावाने श्रमदानातून विहीर खोदली.' झालं. त्यानंतर त्या वाक्याला कुणी हात लावीना. कंपनीतून रात्रपाळी करून आलेल्या एकानं खाली 'आबांशी सहमत' असं लिहिलं. दुसऱ्यानं मान्यवरांची नावं टाकली, फ्लेक्सवर असतात तशी, मानाच्या क्रमानं. गावकीच्या बैठकीत थोरल्यांच्या शब्दावर कुणी बोलत नाही, मग इथं कोण बोलणार? मी कपाळाला हात लावला.

बौद्ध वस्तीतल्या एक मावशी मात्र दर रविवारी तेच वाक्य उघडून बसायच्या. पुन्हा पुन्हा विचारल्यावर त्यांनी हळूच सांगितलं, की ती विहीर त्यांच्या वडिलांनी आणि चुलत्यांनी खोदली. वडिलांचं नाव तिथं यावं एवढ्यासाठीच त्या वर्गाला येत होत्या. मग बदला की, मी म्हटलं. त्या हलेनात. शेवटी कंटाळून मी म्हटलं, स्वतःचा ब्लॉग काढा, तिथं कुणी अडवणार नाही.

"हीर गावात हाय, मॅडम. मंग नाव गावाच्या पानावरच पायजे."

आबा शेजारच्याच बाकावर होते. त्यांनी ऐकलं. रागावले नाहीत. चष्मा पुसत एवढंच म्हणाले, की विहीर सगळ्या गावाची, तिथं अमक्याचं तमक्याचं कशाला? माना डोलल्या. मला वाटलं, संपला विषय. खरं सांगते, मला फक्त घरी जायचं होतं.

मावशी स्क्रीनवरची नजर न काढता बोलल्या, "आबा, हीर गावाची व्हती, तर आमाला दोर का टाकू देत न्हवते? माजा बाप हीर खंदून तितंच हंडा घिऊन उबा ऱ्हायाचा. कुनी वरनं पानी वाढंल तवा घरी यायचा."

आबांनी पुसलेला चष्मा डोळ्यांवर चढवला.

"लिव," ते म्हणाले. "बापाचं नाव लिव. पर ते पान्याचं ऱ्हाऊ दे."

एकेक अक्षर शोधत मावशींनी वडिलांचं नाव लिहिलं. बदल जतन कसा करायचा ते दाखवायला मी वाकले. त्यांनी माझा हात बाजूला सारला आणि पुढचं वाक्य लिहायला घेतलं.