सुनंदाताईच्या वाट्याचं बाळंतपण

शेवंतामावशी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी ड्रिलिंग मशीनवर होतो. भोसरीतलं आमचं वर्कशॉप लहान, पत्र्याचं. गेटवर कोणी आलं की आतल्या सगळ्यांना दिसतं. सलीम लेथवरूनच ओरडला, "ओ वसंतराव, पिंपरीहून माणूस आलाय... तुमची मावशी गेली म्हणतोय." मी मशीन बंद केलं, हात पुसले, परत पुसले. रजा मागायला गेलो तर सुपरवायझरांनी विचारलं, "सख्खी का?" रजा सख्ख्यांसाठीच मिळते. मी म्हणालो, "सख्खीच." खरं म्हणजे ती माझ्या नात्यातली कोणीच नव्हती. मी लातूरच्या पलीकडच्या गावचा, सातवीतून शाळा सोडून इकडे आलेला. ती पुण्यातल्या एका नर्सिंग होममध्ये आया, पिंपरीला चाळीत राहणारी. लोकांना काहीतरी सांगायला हवं म्हणून तिनंच एकदा मला बहिणीचा पोरगा म्हटलं, आणि मग शेवटपर्यंत मी तोच राहिलो.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला चाळीसमोर मांडव घातला होता. मी मागे उभा होतो, पण लोकांनी हाताला धरून पुढे घरच्यांत नेऊन बसवलं. मावशीची एकुलती एक मुलगी सुनंदाताई देहूरोडला दिलेली. ती माझ्याकडे बघत होती. बुद्धवंदना झाली, लोक पांगायला लागले, तेव्हा ती जवळ आली आणि चारचौघांत म्हणाली, "बस की. तूच तिचा खरा. माझं पहिलं बाळंतपणसुद्धा तिनं तुलाच दिलं." बायकांना वाटलं दुःखात काहीतरी बोलली. मला मात्र माहीत होतं की ती अक्षरशः खरं बोलली. असं का झालं होतं, ते तिला माहीत नव्हतं. माहीत असलेली माणसं तीनच. त्यातले दादा, म्हणजे मावशीचे मालक, आधीच गेले होते. आता मावशी गेली. सांगायला उरलो मी एकटा, आणि मी न सांगता तसाच राहिलो तर सुनंदाताई जन्मभर आपल्या आईला चुकीची समजणार होती... त्यानंतर कित्येक दिवस मी कामावर जात होतो आणि ड्रिल मोडत होतो.

तेव्हा आता सरळच लिहितो. सुनंदाताईला विचारून लिहितो आहे, आणि नावं सगळ्यांची बदलली आहेत, माझंसुद्धा. मी जन्मलो तेव्हा घरच्यांनी मला मुलगी धरलं. मी स्वतःला तसं कधीच धरू शकलो नाही. लग्नाचं बघायला लागले तेव्हा केस कापले आणि पुण्याच्या एसटीत बसलो. भोसरीत आणखी तिघांबरोबर खोली घेतली, वसंत झालो. बाकी सगळं जमलं, पण छाती होती. जुन्या धोतराच्या पट्ट्या फाडून ती घट्ट बांधायची आणि दिवसभर प्रेसवर उभं राहायचं. उन्हाळ्यात पत्र्याखाली श्वास पुरत नसे. पट्टीखाली कातडी सोलवटून निघायची. झोपतानाही सोडायची सोय नव्हती, कारण शेजारी तिघं. सगळे नळावर उघड्यानं अंघोळ करायचे, मी सर्दीचं निमित्त सांगायचो. "काय राव, तुमची सर्दी काय लग्नापर्यंत जायची नाही वाटतं," असं ते म्हणायचे, आणि मी हसायचो.

आणीबाणी उठली त्यानंतरच्या हिवाळ्यात पुण्यातल्या एका डॉक्टरांनी माझं ऐकून घेतलं. आधी दोनदा त्यांनी मला परत पाठवलं होतं. तिसऱ्या वेळी म्हणाले, "हे परत जोडता येत नाही, कळतंय ना?" मी म्हणालो, "कळतंय." ऑपरेशन झालं. शुद्धीवर आलो तेव्हा छातीवर कोणी पाटा ठेवलाय असं वाटत होतं. दोन्ही बाजूंनी रबरी नळ्या बाहेर काढलेल्या, वरून जाड पट्टा आवळलेला. दाराशी दोघीतिघी आया डोकावून खुसखुसत होत्या. त्यांना बाजूला सारून एक काळी, ठेंगणी बाई आत आली आणि म्हणाली, "काय जत्रा हाय का? पेशंट हाय. चला." ही शेवंतामावशी. तिनं मला पाणी पाजलं आणि विचारलं, "न्यायला कोन येनार?" मी फॉर्मवर एका काकांचं नाव घातलं होतं. असे काका नव्हते. मी तेच नाव सांगताना अडखळलो, तशी ती म्हणाली, "बरं. मग आमच्याकडं चल. टाकं निघूस्तवर ऱ्हा."

मावशीच्या एका खोलीत एक लोखंडी खाट होती, आणि तिचे चारही पाय विटांवर चढवलेले होते. डब्यात डिंकाचे लाडू तयार होते, फळीवर ओवा, बाळंतशेपा, हळीव. मला त्याचा अर्थ लागला नाही. सुनंदाताईला आठवा सरून नववा लागत होता, पहिलटकरीण, ती माहेरी यायची होती, आणि ही सगळी तयारी तिची होती. मावशीचा हिशेब साधा होता. आधी माझे टाके निघतील, मी माझ्या खोलीवर जाईन, मग ताई येईल. तोवर मी त्या खाटेवर. डॉक्टरांनी सांगितलेलं मावशी तंतोतंत करायची: उताणं झोपायचं, हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत, पट्टी ओली होऊ द्यायची नाही. पण डॉक्टरांनी सांगितलं तेवढ्यानं माणूस बरं होतं यावर तिचा विश्वास नव्हता. अंगावर काही कापाकापी झालेलं माणूस उठवायचं कसं, याची तिला एकच रीत माहीत होती. खाटेखाली शेगडी आली. सकाळी हळिवाची खीर, मग लाडू. डोक्याला गरम पाणी तीच घालायची, कारण मला हात वर नेता येत नव्हते. मी पुरुष व्हायला म्हणून गेलो आणि पिंपरीत बाळंतीण होऊन पडलो! मी एकदा कुरकुरलो तर म्हणाली, "बाळंतीन बरी तुझ्यापरीस. ती निदान लेकरू तरी दावती. तू नुसता गिळतूस." दादा कोपऱ्यात बिडी ओढत होते, त्यांना ठसका लागेपर्यंत हसू आलं.

पट्टी बदलायच्या दिवशी मी डोळे मिटून घेतले. मावशी म्हणाली, "बघ की." मी नाही म्हटलं. "आरं बघ, तुझंच हाय." मग मी मान खाली केली. सूज होती, काळंनिळं होतं, टाक्यांचे दोरे मुंग्यांसारखे दिसत होते... आणि छाती सपाट होती. माझ्या पोटापर्यंत नजर सरळ गेली. मी रडायला लागलो तर ती घाबरली, दुखतंय का विचारायला लागली. मी नाही नाही म्हणत रडत राहिलो. ती पदरानं माझं तोंड पुसत म्हणाली, "मग हास की येड्या."

पुढची चूक त्या आनंदातूनच झाली. टाके निघायला थोडेच दिवस होते. दुपारी घरात कोणी नव्हतं. दोरीवर दादांचं सँडो बनियन वाळत होतं. मला फक्त पुढून बटणं असलेला सदरा घालायची परवानगी होती. बनियन मी जन्मात कधी उघडपणे घातलं नव्हतं. पट्टीवरून का होईना, नुसतं घालून आरशात बघायचं, एवढंच मनात होतं. दोन्ही हात वर केले आणि डोक्यातून ते ओढलं. उजवीकडे काहीतरी उसवल्यासारखं झालं. दुखलंसुद्धा नाही, कारण तिथली कातडी बधिर होती. मी आरशात बघतच उभा होतो, आणि बनियनवर लाल डाग पसरत चालला होता.

जखम उघडली, मग पिकली. ताप चढला. डॉक्टरांनी टाके पुन्हा घातले, आणि आता महिना तरी हलायचं नाही म्हणाले. त्याच आठवड्यात सुनंदाताई ट्रंक घेऊन आली. मी तापात होतो, पण दारातलं बोलणं सगळं ऐकू आलं. खाटेवर परका पुरुष, खाली शेगडी, उशाशी लाडवांचा डबा... ती म्हणाली, "आये, ह्ये कोन?" मावशी म्हणाली, "लांबच्या भनीचा हाय. छातीत गाठ झालीया." "मग मी कुठं निजू?" मावशी हळू म्हणाली, "एवढ्या बारीला सासरीच कर ग बाई." खरं कारण तिला सांगता येत नव्हतं. बाळंतिणीच्या खोलीत दिवसभर बायांची ये-जा असते. त्यांच्यासमोर माझी पट्टी बदलणार कशी? लेक आणि मी, दोघांना त्या खोलीत ठेवणं शक्य नव्हतं. ट्रंक उचलल्याचा आवाज आला.

संध्याकाळी मी म्हणालो, "मावशी, मी जातो माझ्या खोलीवर." ती भाकरी थापत होती. "जा की. पट्टी कोन बदलनार, ती तिघं दांडगी?" "पण ताई..." मी म्हणालो. "तिला सासू हाय," ती म्हणाली. "तुला कोन हाय?" आता इतक्या वर्षांनी सांगतो, मला जायचं नव्हतं. मी जातो म्हणालो ते तिनं थांबवावं म्हणूनच म्हणालो. ताईला खरं सांगून टाक, एवढं वाक्य मी बोलू शकलो असतो. तेही बोललो नाही, कारण मला भीती वाटत होती. मावशीनं स्वतःहून एकदा सांगितलं, "तुझी गोष्ट हाय. तुला वाटंल तवा तू सांग. मी न्हाई सांगायची." आणि तिनं शब्द पाळला.

सुनंदाताई सासरी बाळंत झाली, आणि आठवडा व्हायच्या आत हंडा घेऊन नळावर उभी होती. तिला ताप आला, दूध आटलं. बाळ जगलं, वाढलं, आता शाळेत जातं. पण ती पुढे कधी माहेरी मुक्कामाला राहिली नाही. सणाला यायची, जेवायची, शेवटच्या बसच्या आधी निघायची. मावशी तिला सोडायला स्टॉपपर्यंत जायची आणि परत आली की भांडी घासत बसायची, घासलेलीच. मी वर्कशॉपच्या गुरुवारच्या सुट्टीला गेलो की हे बघायचो. उघड्या छातीनं नळावर अंघोळ करणारा, धडधाकट झालेला मी, तिनं वाढलेलं जेवायचो आणि आपल्या खोलीवर परत यायचो.

गेल्या पंधरवड्यातल्या गुरुवारी शेवटी गेलो. सुनंदाताई खोली आवरायला आली होती, मावशीची लुगडी उन्हात घालत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. ती एकच लुगडं घडी घालायची, मोडायची, परत घालायची. "आणि आयला पहिल्यापास्नं ठावं?" "पहिल्यापासून." ती भडकली. "मला सांगितलं असतं तर मी काय गावभर बोंबलत फिरले असते?" मी म्हणालो, "माहीत नाही, ताई. मला भीती वाटली." "तुला भीती वाटली," ती म्हणाली, "आणि मी नळावर उभी." मी निघायला लागलो तर म्हणाली, "बस. कुठं चालला?"

मी भिंतीला टेकून बसलो. ती लुगडं बाजूला ठेवून म्हणाली, "काय काय केलं तिनं तुझं? सांग." मला वाटलं टोमणा आहे. पण तो टोमणा नव्हता. तिला ऐकायचं होतं. लाडवात खारीक किती असायची, गूळ कसा असायचा, खीर दुधातली की नारळाच्या रसातली, धुरी सकाळी द्यायची की संध्याकाळी... मी आठवून आठवून सांगत होतो आणि ती मान हलवत होती, जसं काही तिचंच अंग शेकून निघतंय.

"आणि पाय?" तिनं विचारलं. "काशाच्या वाटीनं घासायची का?"

"रोज. डाळ शिजत असायची तेव्हा."

"तूप लावून?"

"तूप लावून. तळवे काळे होईपर्यंत."

"किती येळ?"

ते मला सांगता येणार नाही, असं मी म्हणालो. मला झोप लागायची. त्यानंतर ती किती वेळ बसायची, कोण जाणे.

सुनंदाताई उन्हातल्या लुगड्यांकडे बघत होती. "बसायची," ती म्हणाली. "वाटी थांबली तरी मांडीवरचं पाय खाली ठिवायची न्हाई. मला गोवर आला हुता तवा मी झोपल्याचं सोंग करून पडायचे... ती उठू नये म्हनून."